कोऱ्या तोंडाचा नियम

खोदाईचं पिवळं यंत्र सकाळी सातलाच येऊन पिंपांच्या कोठीसमोर उभं राहिलं, तेव्हा डॉक्टर बेसिनपाशी नुसत्याच चुळा भरत होते. स्वतः दातांचे डॉक्टर, पण वर्षातल्या या एका दिवशी त्यांना दात घासायची बंदी होती. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी या दिवशी आरशात स्वतःचं तोंड बघताना त्यांना आपण धंद्याशी बेइमानी करतोय असं वाटे.

बंदी सासऱ्यांची, म्हणजे आबांची. मिश्रणाच्या, म्हणजे कुठल्या पिंपातली वाइन कशात मिसळायची ते ठरवण्याच्या बैठकीला यायचं ते कोऱ्या तोंडानं. आदल्या रात्रीपासून अन्न नाही, सकाळी चहा नाही, पेस्ट नाही. कोमट पाणी चालेल. ऐन तरुणपणी एका दलालानं आबांना खारे बदाम चारून पाच पिंपं आंबूस वाइन गळ्यात मारली होती. त्या बदामांचा सूड आबा पन्नास वर्षं घरच्यांवर उगवत होते. "खाल्लेलं तोंड खोटं बोलतं," असं ते म्हणत. पुढे त्यांना कवळी बसली, तर तीही परकी वस्तू ठरली. बैठकीच्या दिवशी ती रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात जाई. ती कवळी डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं केली होती, दोन महिने खपून. पण हे बोलून दाखवण्याची त्यांची छाती नव्हती.

बोलून दाखवणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. मागे एकदा जेवणाच्या टेबलावर त्यांनी कोठीतल्या गळक्या नळाविषयी मत दिलं होतं. आबा म्हणाले होते, "जावईबापू, तो नळ आहे, दाढ नाही." त्यानंतर नऊ वर्षं डॉक्टर त्या टेबलावर तोंड न उघडता पेपर वाचत बसले.

बैठकीचा दुसरा नियम असा की गिळायचं नाही. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि पितळी पिकदाणीत टाकायचा. "आपण वाइन करतो, पीत नाही," हे आबांचं वाक्य पाहुण्यांना फार आवडे. तिसरा नियम मतांचा. मत रक्ताच्या माणसांना. आबा, आबांची धाकटी बहीण म्हणजे आत्या, मुलगा दादा आणि मुलगी छोटी, जी आता बावन्न वर्षांची होती आणि डॉक्टरांची बायको होती. चौघांकडे एकेक बूच. ज्याला पसंत त्यानं ते मधल्या काचेच्या बरणीत टाकायचं. बरोबरी झाली तर आबांचं बूच दोनदा मोजायचं. दादाची बायको, म्हणजे वहिनी, आणि डॉक्टर या दोघांकडे ग्लास विसळण्याचं काम होतं.

आज बरणीत बुचं पडली नाहीत, तर ते यंत्र वरच्या उतरणीवर जाणार होतं.

वरची उतरण म्हणजे काळी. द्राक्षाच्या या परदेशी जातीचं खरं नाव तनात, पण घरात सगळे काळीच म्हणत. सासूबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी हट्टानं लावलेले वेल. द्राक्ष लहान, साल जाड, आणि आत दोनाच्या जागी चार-चार बिया. ठरलेलं लग्न मोडायचं असेल तर खायला द्यावं असं फळ. लग्नाआधी डॉक्टर पहिल्यांदा इथं आले, तेव्हा छोटीनं त्यांना त्या उतरणीवर नेऊन एक मणी तोंडात टाकायला लावला होता. "गिळू नका हं. साल चावा. आता बी फोडा." डॉक्टरांच्या जिभेवर कुणी खडू फिरवल्यासारखं झालं, हिरड्या आवळल्या, आणि तोंड उघडून 'छान' म्हणायला गेले तर ओठच दातांना चिकटले. छोटी पोट धरून हसली. डॉक्टरांनी त्याच क्षणी लग्नाचं नक्की केलं होतं.

पण घरात काळीला कुणी वाइन मानत नसे. बाकीच्या पिंपांचा रंग फिका पडला, अंगात दम नाही असं वाटलं, की काळीचे दोन तांबे ओतायचे. आई असेपर्यंत दादानं उतरणीला हात लावला नाही. आई जाऊन तीन वर्षं झाली आणि त्यानं नवी, सहज खपणारी रोपं मागवली. ती आता शेडमध्ये कुंड्यांतून उभी होती. छोटीनं आकांत केला. शेवटी तह असा झाला, की काळी दोन वर्षं पिंपात एकटी ठेवायची, काहीही न मिसळता. बैठकीत ती पसंत पडली तर वेल राहतील. नाहीतर यंत्र.

"सकाळीच बोलावलंस त्याला?" छोटीनं टेबलाशी बसता बसता दादाला विचारलं. "निकालाआधीच फाशीचा दोर?"

"त्याला आजचाच दिवस मोकळा होता," दादा म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दिवसभर विकणं हेच काम असल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीकडे गिऱ्हाइकाच्या तोंडानं बघायची सवय लागली होती. "आणि तू उगाच तोंड पाडू नकोस. मी मोकळ्या मनानं बसलोय."

"मन मोकळं आणि कुंड्या भरलेल्या," आत्या म्हणाल्या. आत्या एकोणऐंशीच्या. दोन नवरे पोहोचवून परत माहेरी आलेल्या. "चला, वाढा. माझ्या पोटात कावळे नाही, गिधाडं ओरडताहेत."

छोटीनं काळी ओतली. ग्लासातून पलीकडचं काही दिसेना. दादानं ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "यात पेन बुडवून अर्ज लिहिता येईल."

चौघांनी घोट घेतला. बोळक्या तोंडात घोट फिरवताना आबांचे गाल आत जात होते, बाहेर येत होते. मग चौघं एकामागून एक पिकदाणीकडे वळले. त्या वळण्यात जी घाई होती, ती भिंतीशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना बघवली नाही.

"माझी जीभ कुणीतरी सुतळीनं बांधली," आत्या म्हणाल्या.

"कातडं कमावायला चांगली," दादा म्हणाला.

छोटीनं आबांकडे पाहिलं. आबा जिभेनं हिरड्या चाचपत होते. "जोर आहे," ते शेवटी म्हणाले. "पण नुसता जोर घेऊन काय करायचं? ही वाइन अंगावर येते. तुझ्या आईनं हे का लावलं, मला चाळीस वर्षांत कळलं नाही."

 छोटीनं बूच मुठीत घट्ट धरलं होतं आणि अंगठ्याच्या नखानं ती त्याचा भुगा पाडत होती. रिवाजाप्रमाणे चव तीनदा घ्यायची, मधे अर्धा तास सोडायचा आणि तिसऱ्यानंतर मत. दुसरी खेप पहिल्यापेक्षा वाईट गेली, कारण तोंडं आधीच सोलली गेली होती. आत्यांनी तर ग्लासाकडे पाहूनच डोळे मिटले. तिसऱ्या खेपेआधी सगळे पाय मोकळे करायला उठले. डॉक्टर उष्टे ग्लास घेऊन स्वयंपाकघरात आले.

सिंकपाशी येईपर्यंत त्यांचे हात थरथरायला लागले होते.

"साखर उतरली तुमची," वहिनी मागे न बघताच म्हणाल्या. ग्लासांचा किणकिणाट त्यांना पुरे झाला. "बसा. दरवर्षी हेच नाटक. औषध घ्यायचं आणि उपाशी राहायचं. उद्या मेलात तर आबा म्हणतील, कोऱ्या तोंडानं गेला बिचारा."

"अहो, पण नियम..."

"नियम मतवाल्यांना. तुम्हाला मत आहे?"

त्यांनी आधी दोन चमचे साखर घातलेलं पाणी पाजलं. मग यंत्रवाल्यासाठी बांधलेला डबा सोडला. चीजची जाड फाक आणि लोण्यात परतलेलं, अर्धं कापलेलं उकडलेलं अंडं त्यांच्या हातात आलं. डॉक्टरांनी ते अधाशासारखं खाल्लं. चीज टाळूला चिकटलं. समोर पाण्याचा नळ होता, पण हाताशी छोटीचा ग्लास होता, तळाशी दोन घोट काळी शिल्लक असलेला. त्यांनी विचार न करता तो तोंडाला लावला.

आणि ओठ आवळून तयारीत राहिले. पण काही आवळलं नाही.

ती काटेरी, अंगावर येणारी वाइन तोंडात आली, चीजच्या फाकेला भिडली आणि निवळली. मागून आधी कधीच न भेटलेल्या चवी एकेक करत पुढे आल्या. पिकलेलं जांभूळ, कोको, थोडा धूर, आणि अगदी शेवटी पावसाळ्यात ओलं झालेलं लाकूड असतं तसं काहीतरी. डॉक्टरांनी गिळलं. मग आणखी एक घास घेतला आणि आणखी एक घोट. मग ते वळले.

वहिनी हसत होत्या. हसताना त्यांचे दात दिसत होते.

आणि डॉक्टरांना ते दात आठवले. दर सहा महिन्यांनी वहिनी त्यांच्या खुर्चीत बसत आणि दर सहा महिन्यांनी खालच्या पुढच्या दातांमागे एक जांभळट थर असे.

"तुम्ही म्हणाला होतात, चहा," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुम्ही दातांचे डॉक्टर असून ऐकलंत."

"वीस वर्षं?"

"चोवीस. तुमच्या आधी मी दुसऱ्याकडे जायचे. तोही ऐकायचा." वहिनींनी ओढणीला हात पुसले. "सासूबाईंनी शिकवलं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात. मटण शिजवून बाजूला काढलं होतं, आबा आणि हे पुढच्या खोलीत सोडा पीत बसले होते. सासूबाईंनी एक वाटी काळी आणली न् म्हणाल्या, आधी चरबीचा तुकडा खा, मग घोट घे. एकटीला दिली तर ही चावते. तेव्हापासून आम्ही दोघी इथंच, ओट्यापाशी उभ्यानं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? छोटी तिकडे..."

"काय बोलू? की या घरातली सून रोज गिळते?" वहिनींचा आवाज खाली आला. "आणि माझा नवरा टेबलाच्या पलीकडे बसलाय, भावोजी. मी त्याच्याविरुद्ध उभी राहिले तर नंतर त्याच्याच बाजूला झोपायचंय मला. तुम्ही बोला. जावयाला कुणी घरातून काढत नाही."

"मी? वहिनी, मी नळाबद्दल बोललो होतो तेव्हा..."

"नळाचं तुम्हाला काही कळत नव्हतंच." वहिनींनी एका थाळीत चीज मांडलं, त्याभोवती अंडी रचली आणि थाळी त्यांच्या हातात दिली. "तोंडाचं कळतं ना?"

डॉक्टर थाळी घेऊन आत गेले, तेव्हा चौघं परत बसले होते आणि तिसरी खेप ओतून झाली होती. थाळी टेबलावर टेकली. एखाद्यानं देवळात चपला घालून यावं तशी शांतता पसरली.

"हे काय आहे?" आबांनी विचारलं.

"चीज आहे. आणि अंडी."

"ते दिसतंय. इथं काय करताहेत?"

डॉक्टरांचं सगळं तोंड कोरडं पडलं. आता वाइनची काही गरज नव्हती. "म्हणजे त्याचं असं आहे, आबा, की... लाळ. लाळेमध्ये प्रथिनं असतात. त्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. आणि या काळीच्या सालीत, बियांत जो तुरटपणा आहे तो प्रथिनांना चिकटतो. लाळेतली पकडतो, मग तोंड खरखरीत होतं. त्याला दुसरं काहीतरी पकडायला दिलं, म्हणजे चीज, अंडं, मांस, तर तो... तो तिकडे जातो. लाळेला सोडतो. तुमचं तोंड कोरं आहे म्हणून तो तोंडालाच धरतो. थोडक्यात, चूक काळीची नाही. चूक... आपण उपाशी आहोत."

"मी मघापासून हेच म्हणतेय," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी अंडं उचललं.

"आत्या, नियम आहे!" दादा म्हणाला.

"मला दोन नवऱ्यांनी नियम शिकवले. दोघंही गेले." आत्यांनी अंडं खाल्लं, घोट घेतला आणि पिकदाणीकडे वळता वळता मधेच थांबल्या. गाल फुगलेले तसेच राहिले. डोळे गोल झाले. मग त्यांच्या गळ्याची कातडी एकदा वर-खाली झाली.

"गिळलंस!" आबा म्हणाले.

"चुकून," आत्या म्हणाल्या आणि परत ग्लास उचलला.

"ही सरळ सरळ लबाडी आहे," दादा वैतागला. "उद्या गिऱ्हाईक काय खिशात अंडं घालून येणार?"

"गिऱ्हाईक जेवतं, दादा," छोटी म्हणाली. तिच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदाच जीव आला होता. "जगात सगळे जेवतात. वर्षातून एक दिवस उपाशी बसणारे आपण चौघंच आहोत, आणि नेमकं त्याच दिवशी आपण चव ठरवतो."

आबांनी टेबलावर हात आपटला. बरणी हलली. "पन्नास वर्षं मी या टेबलावर चव घेतोय. आणि आज हा मला तोंड शिकवणार?"

यावर नेहमीचे डॉक्टर 'तसं नाही आबा' म्हणून मागे सरले असते. ते अर्धं पाऊल सरलेही. मग छोटीच्या मुठीतल्या बुचाचा भुगा त्यांना टेबलावर दिसला.

"हो," ते म्हणाले. "मला बाकी काही येत नाही, आबा. नळ येत नाही, वेल येत नाहीत. तोंड तेवढं येतं. आणि ज्या तोंडाला या काळीची सवय होती ते मी बघितलंय. सासूबाईंचं. दर सहा महिन्यांनी त्या यायच्या. दात जांभळे असायचे. मी घासून पांढरे करायचो, सहा महिन्यांनी परत जांभळे. त्या म्हणायच्या, यांना सांगू नका. डाग कशाचे ते मला आज कळलं."

आबांचा हात टेबलावर होता तिथंच राहिला.

"चहाचे असतील," ते म्हणाले.

"चहाचे डाग तपकिरी असतात."

"ती म्हातारी बाई. तिला काय..."

"माझेही बघा," दारातून आवाज आला. वहिनी आत आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि एखाद्या तक्रारदार पेशंटसारखा त्यांनी खालचा ओठ बोटानं ओढून धरला.

"तू?" दादा खुर्चीतून अर्धा उठला. "कधी?"

"रोज. तुम्ही पुढच्या खोलीत ढेकर देता तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला कधी विचारलंत, ही कशी लागते म्हणून? सगळ्या गावाच्या तोंडाचा अंदाज बांधता, बायकोच्या तोंडाचा नाही बांधता आला?"

आत्या एवढ्या जोरात हसल्या की त्यांना ठसका लागला. दादा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण राग नेमका कुणावर करावा हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी त्यानं चीजचा तुकडा उचलला, कुणी बघत नाही असं समजून खाल्ला आणि घोट घेतला. त्यानं थुंकलं, नियमाप्रमाणे. पण फार उशिरा थुंकलं.

आबा कुणाकडेच बघत नव्हते. "ती म्हणायची," ते हळू म्हणाले. "जेवताना रोज म्हणायची. अहो, एकदा घासाबरोबर घेऊन बघा. मी म्हणायचो, कामाच्या वस्तूशी खेळू नये. मला सोडा दे." त्यांनी थाळी जवळ ओढली. "मला वाटायचं, लावताना चूक झाली तिची, म्हणून समजूत काढतेय माझी."

त्यांनी थाळीतला चीजचा तुकडा घेतला, तोंडात घातला आणि नुसताच इकडून तिकडे ढकलला. हिरड्यांना तो आवरेना. मग त्यांनी तो बोटानं काढला, ताटलीत ठेवला आणि कोटाच्या खिशातून रुमाल काढला. पन्नास वर्षांत त्या टेबलावर कुणी असं काही केलं नव्हतं. आबांनी कवळी बसवायचा प्रयत्न केला. ती तिरकी बसली.

"डॉक्टर," ते म्हणाले. जावईबापू म्हणाले नाहीत.

डॉक्टर पुढे झाले, अंगठ्यानं कवळी वर दाबली आणि म्हणाले, "चावा. अजून एकदा. आता खा."

आबांनी चीज खाल्लं, सावकाश, अगदी दाढांनी. ग्लास उचलला. घोट तोंडात घेऊन गाल आत गेले, बाहेर आले. बाकी सगळ्यांचे डोळे पिकदाणीवर होते. आबांनी पिकदाणीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी गिळलं. 

"अंडं दे," ते म्हणाले.

अंड्याबरोबर दुसरा घोटही खाली गेला.

छोटीनं आपलं बूच, जेवढं शिल्लक होतं तेवढं, बरणीत टाकलं. आत्यांनी टाकलं. दादानं आपलं बूच समोर ठेवलं आणि म्हणाला, "चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण विकायची मला आहे, आणि प्रत्येक बाटलीबरोबर मी अंडं देऊ शकत नाही. माझं नाही." त्यानं बूच उलटं करून ठेवलं. वहिनी त्याच्याकडे बघून हसल्या. पराभवातही हट्ट सोडत नाही, हा त्याचा एक गुण त्यांना आवडत असावा.

राहिलं आबांचं. त्यांनी ते दोन बोटांत धरून फिरवलं आणि वहिनींपुढे केलं.

"तू टाक. चव तुला माहीत होती."

"मला मत नाही, आबा."

"माझं आहे. हात तुझा वापर."

बूच बरणीत पडलं तेव्हा छोटी उठून बाहेर गेली. डॉक्टरांना वाटलं, रडायला गेली असेल. ती यंत्रवाल्याला परत पाठवायला गेली होती. खिडकीतून तिचा आवाज आला, "उतरण राहिली हो! जा तुम्ही!" आणि यंत्रवाल्याचा, "माझ्या डब्यातलं अंडं कुणी खाल्लं?"

आठव्या दिवशी आबा दवाखान्यात आले. कवळी सैल झाल्याची तक्रार होती. पूर्वी बैठकीलाच काय, जेवतानाही ती निम्मा वेळ खिशात असे. आता दिवसभर तोंडात असल्यामुळे हिरडी सोलली होती. डॉक्टरांनी कवळी दिव्याखाली धरली. दातांच्या फटींत, टाळूच्या कडेला, जांभळट झाक उतरली होती. त्यांनी सवयीनं ब्रश उचलला.

"सैल आहे तेवढं बघ," आबा बोळक्या तोंडानं म्हणाले. "रंगाला हात लावू नकोस. चहाचा आहे तो."

डॉक्टरांनी ब्रश खाली ठेवला.

"हो, आबा," ते म्हणाले. "चहाचाच."